पांढरा कापूस, काळी माती, करडा फोटो

तामसीच्या शिवारात नोव्हेंबरच्या सकाळी नवा कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाला पहिला धक्का कापूस देतो. डोळ्यांना पऱ्हाटी पांढरीशुभ्र दिसत असते, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र तिचं मळकं धोतर झालेलं असतं. बरं, बांधापलीकडे सोयाबीन निघून गेलेलं, हरभऱ्यासाठी वखरलेलं रान आहे. काळी कुळकुळीत माती. तिचा फोटो काढावा तर तीही राखाडी. कापूस करडा, मातीही करडी! 'पीस खराब लागला' असं म्हणत माणूस दुकानदाराला फोन लावायच्या बेतात येतो.

पीस ठीक असतो. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र समोरून परतून येणारा उजेड तेवढा मोजतं. समोर कापूस आहे की माती, हे त्याला कळत नाही. त्याचं एकच गृहीत असतं : जग सरासरीने मध्यम करडं आहे, पडलेल्या उजेडापैकी अठरा टक्क्यांच्या आसपास उजेड ते परत पाठवतं. कापसाकडून भरमसाट उजेड आला की यंत्र म्हणतं, फार झालं, आणि फोटो काळवंडून ठेवतं. मातीकडून काहीच येईना की म्हणतं, वाढवा, आणि काळ्याचं राखाडी करून टाकतं. हल्लीचे कॅमेरे आणि फोन समोरचं दृश्य ओळखून थोडी दुरुस्ती करतात, पण चौकटभर कापूस भरला की तेही चकतात.

उपाय कॅमेऱ्यावरच असतो. अधिक-उणे अशी खूण असलेलं एक बटण असतं. कापसासाठी ते अधिक एकवर न्यायचं, म्हणजे यंत्राने सांगितलं त्याच्या दुप्पट उजेड आत घ्यायचा. मातीसाठी किंवा पाण्यात बसलेल्या म्हशीसाठी उणे एक. गंमत अशी की पांढऱ्याला आणखी उजेड द्यायचा, हे मनाला पटत नाही. प्रत्येक जण पहिल्यांदा उलटं करतो. पैनगंगेवर जानेवारीत जे धुकं उतरतं त्यालाही हाच नियम, धुकंसुद्धा कापसासारखंच अधिक एक मागतं.

या प्रकरणाचा विषय खरं तर सामान कसं निवडावं हा आहे आणि मी सुरुवात केली एका बटणापासून. मुद्दामच केली. 'भाऊ, कोणता कॅमेरा घेऊ?' असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, 'आहे त्याच्यात कापूस पांढरा येतो का?' येत नसेल तर लाखाच्या कॅमेऱ्यातही तो येणार नाही.

तामसीच का निवडलं तेही सांगतो. आदिलाबाद जिल्ह्यातलं हे मंडलाचं गाव. उत्तरेला पैनगंगा आणि नदीपलीकडे यवतमाळ, पश्चिमेला नांदेडचं किनवट. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग तोडून तेव्हाच्या मुंबई राज्याला दिले गेले, बाकीचा जिल्हा तेलुगू राज्यात गेला. भाषेला कुणी हद्द आखून दिली नाही, त्यामुळे इकडच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी अजून एकमेकींच्या पाटीत हात घालतात. पण माझं कारण छायाचित्रणाचं आहे. या गावापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात हौशी माणसाला हैराण करणारी झाडून सगळी कोडी आहेत : लांबचा लहान पक्षी, अमावास्येचा अंधार, नाचणारं माणूस, कोसळणारं पाणी, बोंडातली अळी. प्रत्येक कोडं वेगळं सामान मागतं. 'सगळ्यासाठी एक चांगला कॅमेरा' ही मागणी म्हणूनच दुकानदाराच्या सोयीची आहे, आपल्या नाही.

आधी अंतर घेऊ. तामसी मंडलात वड्डाडी गावापाशी मत्तडी वागूवर धरण आहे. (वागू म्हणजे ओढा, तेलुगूतला शब्द, इकडचे मराठी लोकही तोच वापरतात.) समजा, काठच्या काटकीवर छोटा खंड्या बसला आहे. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम साडेसोळा सेंटिमीटर. तुम्ही वीस मीटरवर आहात; त्याहून जवळ गेलात तर तो उडणार. आता हिशोब सोपा आहे. लेन्सची नाभीय लांबी गुणिले वस्तूचा आकार, भागिले अंतर. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमीच्या लेन्सने, ५५वर ठेवूनही, सेन्सरवर खंड्या अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एका मिलिमीटरमध्ये अडीचशेच्या आसपास पिक्सेल असतात, म्हणजे सगळा पक्षी शंभर-सव्वाशे पिक्सेलांत संपला. ३०० मिमीची लेन्स लावली तर साधारण सव्वासहाशे पिक्सेल, ५०० मिमीने हजारावर. आणि फोन? त्याच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी नाभीय लांबी सहा-सात मिलिमीटर. त्यात खंड्याच्या वाट्याला तीसएक पिक्सेल येतात. निळा ठिपका. फोनवरचा आकडा कितीही मोठा असो.

म्हणून खरेदीआधी चार रविवार नुसतं हिंडा आणि आपल्याला जे टिपायचं आहे ते किती लांब असतं ते मोजा. पावलांनी मोजलं तरी चालतं. पक्ष्यांचं वेड असेल तर पैसा लेन्समध्ये जाणार, कॅमेरा जुना चालेल. १५०-६०० किंवा २००-५०० मिमीच्या लेन्स गेल्या दहा-बारा वर्षांत हौशी माणसाच्या आवाक्याजवळ आल्या, तरी त्या दोन-दोन किलोंच्या असतात. ते ओझं बांधाबांधाने दोन तास वाहून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. मान आणि मनगट पहिल्या आठवड्यात कौल देतात. ज्याला वजन नको त्याच्यासाठी लांब झूम अंगातच असलेले ब्रिज कॅमेरे आहेत. २०१८ साली आलेला निकॉनचा पी-१००० तर ३००० मिमीच्या तोडीचा झूम देतो. त्याचा सेन्सर जवळजवळ फोनएवढाच असल्याने उन्हात तो चमत्कार करतो आणि सूर्य कलला की मान टाकतो. टाकाऊ नाही, त्याची वेळ ठरलेली आहे इतकंच.

वाघाचं विचाराल तर माझं मत थोडं रूक्ष आहे. पैनगंगेपलीकडे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं टिपेश्वर अभयारण्य आहे आणि तिथले वाघ नदी ओलांडून अलीकडच्या भीमपूर, तामसी भागात येतात. गळ्यात रेडिओ कॉलर घालून टिपेश्वरहूनच निघालेला एक नर वाघ २०१९ साली आदिलाबादसह अनेक जिल्हे पालथे घालत तेराशे किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. म्हणून कापसाच्या रानात वाघाच्या फोटोसाठी टपून बसू नये. त्या रानात पहाटे वेचणीला येणाऱ्या बायांच्या जिवाशी तो खेळ होतो.

अंतरानंतर उजेड. पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते आणि मेस्राम या गोंड कुळाची महापूजा रात्री होते. अमावास्या, म्हणजे चंद्राचीही मदत नाही. दिवाळीच्या सुमाराला गोंडांच्या गावोगावी दंडारी असते. मोरपिसांचे मोठमोठे टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी नाचतात, तेही बऱ्याचदा दिवे लागल्यावर. इथे ५०० मिमीची लेन्स निरुपयोगी आणि मेगापिक्सेलही निरुपयोगी. इथे लेन्सचं भोक किती मोठं, एवढाच प्रश्न.

सोबत आलेली १८-५५ लेन्स ५५वर असताना एफ ५.६पर्यंतच उघडते. ५० मिमीची साधी, एफ १.८ची लेन्स मुठीत मावते आणि छोट्या कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये सगळ्यांत स्वस्तांपैकी असते. एफ हा आकडा म्हणजे नाभीय लांबी भागिले भोकाचा व्यास. ५०ला १.८ने भागा, भोक येतं २८ मिलिमीटरचं. १८-५५चं दहाच्या आत. उजेड क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून दोन्ही एफ-आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करायचा आणि उत्तर येतं जवळजवळ दहापट. पहिल्या लेन्सने शटर १/३० सेकंदाला अडकलं असेल आणि गुसाडीचा टोप नुसता धुरकट पट्टा होऊन येत असेल, तर दुसरीने तेच शटर १/२५०च्या पुढे जातं आणि पिसावरचा डोळा मोजता येतो. मोठा, फुल फ्रेम सेन्सर घेऊनही फायदा होतो, पण त्याचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सव्वादोन-अडीच पट असतं. म्हणजे लाख-दीड लाख खर्चून उजेडात दुप्पट-अडीचपट फरक, आणि त्याच्या लहानशा हिश्शात घेतलेल्या लेन्सने दहापट. माझ्या लेखी हा निकाल सरळ आहे.

फ्लॅशबद्दल कुणी विचारू नये. पूजेच्या वेळी तो मारायचा नाही आणि काही विधींच्या वेळी कॅमेराच खाली ठेवायचा असतो. ते तिथल्या जाणत्या माणसाला आधी विचारायचं.

या मुलखात कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षं वावरलेला एक माणूस ऑस्ट्रियाचा होता. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा भारतात सापडला आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून निजामाच्या राज्यातच अडकून पडला. १९४०मध्ये जोडेघाटला गोंडांच्या बंडाचे नेते कोमाराम भीम मारले गेले. हे बंड का झालं ते समजून घेण्यासाठी निजाम सरकारने हायमेनडॉर्फना गोंडांच्यात पाठवलं. मारलवाई या गावात ते पत्नी बेटी यांच्यासह राहिले. तिथे गोंड शिक्षक तयार करणारं केंद्र निघालं आणि केसलापूरच्या जत्रेत तक्रारी ऐकणारा दरबार भरू लागला तोही त्यांच्याच काळात. त्यांचे हजारो फोटो आज लंडनच्या 'सोआस' या संस्थेच्या संग्रहात आहेत आणि मारलवाईत या दोघांचं स्मारक आहे. हौशी माणसाने त्या फोटोंत पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे माणसांचे डोळे. कॅमेऱ्यासमोर ती ताठ झालेली नाहीत, कारण कॅमेरावाला शेजारचा होता. अंतर कमी करायचे दोन मार्ग असतात. एकाला लांब लेन्स लागते, दुसऱ्याला वर्षं लागतात.

आता प्रयोग. माझा आवडता भाग हाच आणि त्याला खर्च सगळ्यांत कमी.

बंडीपासून सुरू करा. बैलबंडी ताशी चारएक किलोमीटर चालते, म्हणजे सेकंदाला सुमारे एक मीटर. रस्त्याला काटकोनात उभं राहायचं, शटर १/८ सेकंदावर ठेवायचं, बैलाच्या डोळ्यावर नेम धरायचा आणि बंडीच्या वेगाने कंबर फिरवत फिरवत बटण दाबायचं. दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. सगळे तिथेच चुकतात. जमलं तर बैल ठसठशीत येतो, मागची तुरीची ओळ वाहत्या रेघा होऊन जाते आणि चाकाच्या आऱ्यांचं भिंगरीसारखं वर्तुळ होतं. पहिले वीस फोटो वाया जातील. मोटारसायकलवर हाच प्रयोग करताना शटर १/३०वर न्या, कारण ताशी ४० किलोमीटरने ती तेवढ्या वेळातही ३७ सेंटिमीटर पुढे जाते.

पाण्याला याच्या उलट वागवायचं. नेरडीगोंडाजवळ कडेम नदीवरचा कुंताला धबधबा सुमारे ४५ मीटरवरून कोसळतो. पाण्याची रेशमी धार हवी असेल तर शटर अर्धा सेकंद उघडं राहायला हवं आणि भर उन्हात तेवढ्या वेळात फोटो जळून पांढरा पडतो. उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० आणि भोक एफ २२ ठेवूनही शटर १/५०च्या खाली येत नाही. यावर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, विकत मिळते. पण फुकटचा मार्ग आधी करून पाहा. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवा, १/५०ने लागोपाठ तीस फोटो घ्या आणि संगणकावर त्या तिसांची सरासरी काढा. तीस गुणिले १/५०, सेकंदाचा सहा दशांश भाग झाला. खडक जागच्या जागी राहतो, पाणी विरघळतं. हल्लीचे फोन 'लाँग एक्स्पोजर'च्या नावाखाली आतल्या आत असंच काहीसं करतात. तिपाई मात्र कोरड्या खडकावर मांडा. कुंतालाच्या शेवाळाने पाय घसरून माणसं गेलेली आहेत.

बोंडअळीचा प्रयोग शेतकऱ्याच्या घरच्या मुलाने करावा असा आहे. ५० मिमीची लेन्स काढायची आणि उलटी करून कॅमेऱ्याला लावायची. त्यासाठी काही शे रुपयांत रिव्हर्स रिंग नावाची कडी मिळते. उलटी लेन्स भिंगासारखी वागते आणि वस्तू सेन्सरवर जवळजवळ मूळ आकाराची उमटते. गुलाबी बोंडअळी सेंटिमीटरभराची असते. साडेतेवीस मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत ती निम्म्याच्या जवळ जागा व्यापते आणि अंगावरचा गुलाबी पट्टा केसांसकट दिसतो. अडचण एकच. फोकसमध्ये येणारा थर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा असतो. लेन्सची कडी फिरवत बसू नका. श्वास रोखून अंग पुढे-मागे झुलवा आणि डोकं स्वच्छ दिसलं की दाबा. वर अपर्चरची, म्हणजे भोक लहान-मोठं करणारी, कडी असलेली जुनी लेन्स मिळाली तर उत्तम, नव्या लेन्स कॅमेऱ्यातून काढल्यावर त्यांचं भोक हाताने बदलता येत नाही. ही अदलाबदल शेतात करू नका. कापसाचा तंतू एकदा सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळात सुरवंट दिसतो.

अशाच घरगुती प्रयोगांच्या पोटात मराठी छायाचित्रणातली एक मोठी गोष्ट आहे. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' काढायला पैसा हवा होता आणि हलत्या चित्रांवर पैसा लावणारा कुणी भेटत नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं, कॅमेरा एका जागी पक्का केला आणि ठरावीक वेळाने थोडी थोडी फिल्म टिपत गेले. जवळपास महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. 'अंकुराची वाढ' दाखवून त्यांनी कर्ज मिळवलं. तोवर ते बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले होते, गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवून झाला होता. नव्या यंत्राची ओळख त्यांनी घरातल्या कुंडीवर करून घेतली, हे मला फार आवडतं. तामसीत तुम्ही हेच कापसाच्या बोंडावर करू शकता. बोंड उकलायला दोन दिवस धरले आणि दर पाच मिनिटांनी एक फोटो घेतला तर ५७६ फोटो होतात, म्हणजे चोवीस सेकंदांची फीत. फोटो आपोआप निघत राहतील अशी सोय बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत असते. फांदी तेवढी बांबूला बांधा, वारा सगळं बिघडवतो.

आणखी एक गोष्ट बिनपैशाची. दुपारी वेचणाऱ्या बाईचा फोटो काढला तर डोक्यावरच्या पदराची सावली सगळा चेहरा गिळते. तीच बाई कापसाच्या ढिगाशी येऊन बसली की खालून येणाऱ्या पांढऱ्या उजेडाने चेहरा उजळतो. स्टुडिओवाले याच कामासाठी चंदेरी पत्रे धरतात. इथे कापूस क्विंटलाने पडलेला असतो.

खरेदीचं थोडक्यात. निकॉन आणि कॅनन २०१८पासून आपले मोठे कॅमेरे आरसाविरहित, म्हणजे मिररलेस, करू लागले. त्यामुळे चांगले डीएसएलआर वापरलेल्या बाजारात स्वस्तात निघतात. हौशी माणसाला ही पर्वणी आहे. जुनी निकॉन लेन्स अडॅप्टर लावून नव्या झेड कॅमेऱ्यावर बसते, कारण जुन्यात लेन्सच्या कडीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिमी अंतर होतं आणि नव्यात १६च आहे. मधली जागा अडॅप्टर भरतो. उलट होत नाही. वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडलं ते विचारा. साध्या मॉडेलचं शटर लाखभर वेळा टिकेल असं धरतात. आपलं कार्ड घालून निळ्या आभाळाचा एक फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतात. आणि लेन्समधून टॉर्च मारून पाहा.

टॉर्च कशासाठी, तर बुरशीसाठी. एकदा मी एक जुनी, आवडती लेन्स कातडी डबीत घालून पावसाळाभर कपाटात ठेवली. दसऱ्याला काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक रेघा पसरलेल्या. दुरुस्तीवाल्याने काच पुसली, पण बुरशीने थर खाल्ला होता. उजेडाकडे तोंड केलं की आजही तिच्यातून धुरकट दिसतं. दोष माझा होता. चामडं ओल धरतं. मृगापासून दसऱ्यापर्यंत आपल्याकडची हवा काचेची वैरी असते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की मंद तव्यावर परतून घ्या, पुन्हा निळे होतात. तांदूळ घालू नका, त्याची पिठी लेन्समध्ये जाते.

मृग लागायच्या आत डबा घ्या. लेन्स दिवाळीला घेतली तरी चालेल.